वाळूच्या बाईचा तोल

एक होती टेकडी, टेकडीवर होतं एक घर आणि घरात होती चार माणसं. एक काटेवाले आजोबा, एक कपडे शिवणारी आजी, एक घर सांभाळणारी सून आणि एक मुलगा, जो घरचा असून घरात नसायचा. लांबच्या कारखान्यात कामाला होता बिचारा. कधीमधी यायचा आणि धुतलेले कपडे धड वाळायच्या आत पिशवी उचलून परत निघायचा. या चौघांत पाचवा आलो तो मी. मी तोल्या बोलतोय.

तोल्या हे नाव सुनेनं ठेवलं. मी सायकलचा तोल धरणारं यंत्र आहे. म्हाताऱ्या माणसांच्या सायकलला सीटखाली बसवायचं. माझ्या पोटात एक जड पितळी चाक आहे. सायकल चालू लागली की ते गरगर फिरतं. चाकाशेजारी एक ओळंबा लटकतो. भिंत सरळ उठली का ते बघायला गवंडी धरतो ना, तसाच, पण अंगठ्याएवढा. सायकल कलली की ओळंब्याला कळतं, ओळंबा चाकाला सांगतो आणि चाक सायकलला उभं करतं. शिवाय दोन्ही अंगांना बारके पाय आहेत. वेग मंदावला की ते खाली टेकतात, वेग आला की वर जातात. झालं, एवढंच माझं शरीर.

मला डोळे नाहीत, बरं का. मला भार कळतो आणि कल कळतो. बाकी सगळं मी लोखंडातून ऐकतो. म्हणून माझ्या सांगण्यात रंगरूप फारसं सापडायचं नाही. पण माणूस कसं बसतं त्यावरून मला जे कळतं ते तोंडाकडे बघणाऱ्यालाही कळत नसेल. रागावलेलं माणूस पुढे सरकून बसतं. काहीतरी लपवणारं एका बाजूवर बसतं. घाबरलेलं माणूस तर बसतच नाही, नुसतं टेकतं.

आजोबांचा धंदा तराजू दुरुस्त करण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. खाली लाकडी फळ्यांची जमीन, चालणाऱ्याच्या वजनाप्रमाणे करकरणारी. एके काळी तिथे काट्यांची रांग लागायची म्हणे. मग आकड्यांचे दिवे लागणारे काटे आले. ते बिघडले की फेकून देतात, दुरुस्त कोण करतंय? दुकानातली कामं आटली, म्हणून तर मुलाला बाहेर जावं लागलं. तरी आजोबा रोज दुकान उघडायचे आणि रिकामी पारडी पुसत बसायचे.

आजी मात्र घरात सापडायची नाही. तिची सायकल होती. मापं घ्यायला, कपडे पोचवायला ती गावभर हिंडायची आणि तोंड सतत चालू. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर त्याच्याशीही बोलायची. टेकडीचा उतार उतरून, पूल ओलांडून पलीकडे तिची थोरली बहीण राहायची. तिला दिसायचं कमी झालेलं. आजी रोज जाऊन तिच्या सुया ओवून ठेवायची आणि दोघी मिळून गावाची उणीदुणी काढायच्या. मग एकदा ओल्या रस्त्यावर आजीची सायकल घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

मुलगा धावत आला. "आई, आता पुरे झाली सायकल. या वयात कुणी चालवतं का?"

"मी चालवते," आजी म्हणाली.

"चालवत होतीस."

त्यानं सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून कारखान्यावर निघून गेला. आजी खिडकीशी बसली. सून सांगायची, आई जेवतात, पण विचारलं तरच. बहिणीकडे जायला दुसरी काही सोय नव्हती आणि उतार चढून यायची ताकद गुडघ्यांत नव्हती. चाकांवर असेपर्यंत आजी तरणी होती हो. खाली उतरल्यावर एकदम म्हातारी झाली.

आजोबांना ते बघवेना. त्यांनी कुलूप तोडलं आणि मला घडवायला घेतलं.

पोटातलं चाक एका जुन्या धान्याच्या काट्यातून आलं. स्प्रिंगा टपालाच्या काट्यातल्या. माझं शरीर झटक्यात तयार झालं. अडलं ते निराळ्याच जागी. माझ्या स्प्रिंगा आजीच्या भाराला जुळवायच्या होत्या आणि आजीचा हात प्लास्टरमध्ये. तिला सायकलवर बसवायचं कसं?

दुसरा कुणी असता तर हात बरा व्हायची वाट बघत बसला असता. पण आजोबा पडले काटेवाले. जन्मभर त्यांनी एकच केलेलं: काटा जुळवायला खरा माल घ्यायचा नाही, तेवढ्याच भाराचं वजन घ्यायचं. साखरेचं पोतं कशाला हवं? पोत्याएवढं वजन पारड्यात टाकलं की काटा जुळतो. बायकोच्या बाबतीतही त्यांनी तेच करायचं ठरवलं.

"इकडे ये. या पारड्यात हात ठेव," ते म्हणाले.

"कशाला?"

"वजन करतो."

"हाताचं?"

"हाताचं, पायाचं, डोक्याचं. सुटं सुटं."

"अहो, मी काय बाजारातला भोपळा आहे, फोडी करून विकायला?"

"हलू नकोस. काटा थरथरतोय."

आजी बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिलाच त्यात गोडी वाटू लागली. एका हातानं तिला शिवता येईना, म्हणून सून मशीन चालवायची आणि आजी कापड धरून सांगायची. जाड कापडाचे दंड, मांड्या, धड. "जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली," ती म्हणायची, "माझं माप मी पहिल्यांदाच घेतेय. अगं, पाठीला पोक आहे माझ्या, तोही घाल. उजवा खांदा पडलाय, तो तसाच ठेव." प्लास्टरमधलं मनगट जरासं वाकडंच जुळणार असं डॉक्टर म्हणाले होते, तर तिनं तेही वाकडं बेतलं.

"आई, नाक-डोळे काढू का?" सुनेनं विचारलं.

"तोंड नको गं. तोंड दिलं की बोलायला लागेल."

आत नदीची चाळलेली वाळू भरली. डोक्याला आजीचा रुमाल बांधला, अंगात तिचा जुना कोट घातला आणि त्या बाईला दोघांनी उचलून माझ्यावर ठेवलं.

माझ्या जन्माचा पहिला भार तो. नीट ऐका, माझ्यावर पहिल्यांदा बसली ती आजी नव्हे. लेकरू जसं पहिल्यांदा कुशीची ऊब ओळखतं, तसा मी तो गार, गप्प भार ओळखला. मला वाटलं, माणूस म्हणजे हेच.

सायकल दोन फिरत्या लाकडी रुळांवर उभी केलेली, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतात. आजोबा चाक फिरवायचे, स्प्रिंग आवळायचे, सैल करायचे. वाळूची बाई दचकायची नाही. तिचा श्वास नाही, शिंक नाही, मान वळवून बघणं नाही. तिला उभं ठेवणं इतकं सोपं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. शेवटी आजोबांनी तिच्या खांद्यावर भरलेला चहाचा कप ठेवला आणि चाक जोरात फिरवलं. थेंब सांडला नाही.

"वा, बाईसाहेब!" आजोबा म्हणाले.

तेव्हापासून ते तिला बाईसाहेबच म्हणायचे. काम करता करता तिच्याशी बोलायचे. आज हवा दमट आहे बाईसाहेब. जरा डावीकडे घेतो हं. सून एकदा म्हणाली, "बाबा, आईंशी इतकं गोड कधी बोलला नाहीत."

स्वयंपाकघरातून आजी ओरडली, "तिला तोंड नाही ना! म्हणून पसंत आहे!"

सगळे हसले. पुढे मात्र त्या घरात कुणी फारसं हसलं नाही.

काम झाल्यावर आजोबा बाईला खाली उतरवून भिंतीशी स्टुलावर ठेवायचे. एक दुपार मला विसरता येत नाही. दुकान बंद, बाहेर ऊन, घरात सगळे आडवे झालेले. फळ्या करकरल्या. भिंतीकडून माझ्याकडे. आणि माझ्यावर भार आला.

अलगद आला, सवयीचा. पाठीला पोक, उजवा खांदा पडलेला. मी आपला तो धरला, जसा रोज धरायचो. सायकल जागच्या जागी उभी होती आणि तरी माझं चाक किंचित फिरलं.

तेवढ्यात दार उघडून सून आत आली. "अहो आई, प्लास्टर काढलं नाही अजून आणि तुम्ही सायकलवर? बाबांनी बघितलं तर..."

मागच्या खोलीतून आजीचा झोपाळू आवाज आला, "काय गं? मला हाक मारलीस?"

सून जागीच थिजली. तिच्या पायांखालची फळी हललीही नाही. मग ती हळूच माझ्याजवळ आली आणि कोटाची बाही चाचपली. आत वाळू होती.

"बाबा, तुम्ही हिला परत वर बसवलंत?"

"मी?" आजोबा डोळे चोळत आले. "मी आत्ता उठतोय."

कुणी बसवलं त्याचा उलगडा झाला नाही. मला विचाराल तर ओढल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. पावलं ऐकली होती.

यथावकाश आजीचं प्लास्टर निघालं. मनगट वाकडंच जुळलं, बेतलं होतं अगदी तसं. आजी नवा कोट घालून, आरडाओरडा करत बाहेर आली. "बाजूला व्हा रे! ब्रेक लागेल न लागेल, आधीच सांगते!"

ती माझ्यावर बसली आणि मी गोंधळलो. भार तोच. पण हा भार हलत होता! वर-खाली होत होता, आत काहीतरी धडधडत होतं. ती शेजारणीला हाक मारायला मान वळवायची, की ओळंबा झुकायचा, की मी तिला खसकन सरळ करायचो. गल्लीच्या टोकाला नळाशी वळण आहे. आजी वळणासाठी कलली. मला शिकवलेलं एकच: कलू द्यायचं नाही. मी सगळा जीव लावून तिला सरळ उभं केलं, आणि आम्ही ताठ, सरळ, डौलात जाऊन भिंतीवर आदळलो.

आजी उतरली.

"हे माझं ऐकत नाही," ती म्हणाली. "हे तिचं ऐकतं."

"अगं, तू हलतेस फार," आजोबा म्हणाले. "यंत्राचा दोष नाही. ती बसते तशी बस ना."

माणसं काय बोलून जातात ते त्यांचं त्यांना कळत नाही. आजोबांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आजीला बहिणीकडे जायचं होतं. त्यासाठी ती काहीही शिकायला तयार होती. तिनं विचार केला, मी जिला शिवलं ती जर बसू शकते, तर मी का नाही?

ती दुकानात जाऊन वाळूच्या बाईसमोर बसायची. समोरासमोर, दुसऱ्या स्टुलावर. सुरुवातीला फळी तिच्या श्वासाबरोबर बारीक कुरकुरायची. मग कुरकुर कमी कमी होत गेली. पुढे पुढे त्या दोन स्टुलांपैकी कुठल्यावर कोण बसलंय ते मला ओळखू येईनासं झालं.

आणि सायकल छान चालू लागली! काय सांगू, दृष्ट लागावी अशी. आजी ताठ बसायची, समोर बघायची, वळण आलं की वेग कमी करून उतरायची, हातानं सायकल वळवायची, पुन्हा बसायची. आजोबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. "बघा, म्हातारपणी सायकल! पडायचं नावच नाही!" लोक वाहवा करायचे. फक्त आजी काही बोलायची नाही. कुत्रं आडवं आलं तरी नाही, ताईकडे जायचं नावही काढायची नाही.

घरातही तेच. चहा समोर गार व्हायचा. सून काही विचारायची, तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारलेलं विसरून जावं. एकदा तर सुनेनं तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

सुनेनं नवऱ्याला फोन केला. दुकानातूनच केला, म्हणून मी ऐकला. "आई नीट बसतात, नीट खातात. पण घरात आई आहेत असं वाटत नाही हो."

पलीकडून तो काय बोलला कोण जाणे. सून चिडून म्हणाली, "नाही पडत. एकदाही पडल्या नाहीत. म्हणूनच तर सांगतेय!"

मग आजोबांनी आपल्याला जे येतं ते केलं. त्यांनी आजीला मोठ्या काट्यावर उभं केलं. ती निमूट उभी राहिली. भोपळ्याचं काही बोलली नाही. काटा जराही थरथरला नाही.

"कमी भरली," आजोबा पुटपुटले.

आजी आत गेल्यावर त्यांचे डोळे स्टुलाकडे गेले असावेत, कारण ते तिकडे गेले. वाळूच्या बाईला उचलताना त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. त्यांनी तिला काट्यावर ठेवलं.

"ही जास्त भरली."

"भिंतीला ओल आहे ना, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज मात्र फार बारीक होता. "वाळू ओल धरते."

"धरते," आजोबा म्हणाले. "पण जेवढी ती उतरली, बरोबर तेवढीच ही कशी चढली?"

त्यांनी बाईला उलटं फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. तोंड नव्हतंच म्हणा. पण त्यांना तसं करावंसं वाटलं.

पुढचं सांगताना आजही माझं चाक अडखळतं. एका सकाळी आजोबा बाजारात गेलेले, सून मागे कपडे वाळत घालत होती. फळ्या वाजल्या. दुकानातून कुणीतरी सायकल बाहेर काढली. मागून सुनेचा आवाज आला, "आई, निघालात?"

"ताईकडे." सपाट आवाज.

"उताराच्या आधी उतरा हं! चालत जा उतारावरून!"

आम्ही उताराला लागलो. ती उतरली नाही. या उताराच्या तळाशी रस्ता डावीकडे वळून पुलावर जातो. न वळलं तर समोर होडीचा धक्का, आणि धक्क्यापुढे नदी. वेग वाढला, माझे दोन्ही पाय वर उचलले गेले, चाक पोटात घुमू लागलं. वाटलं, आता ब्रेक दाबेल. ब्रेक दाबला नाही. वाळू कधी ब्रेक दाबते का?

मी तिला ताठ धरलं होतं. इतकं सुरेख मी तिला कधीच धरलं नव्हतं. कल नाही, श्वास नाही, कंप नाही. आणि माझ्या मनात नको तो विचार आला: आज निघाली ती कोण? आजीच निघाली ना? की आजी स्टुलावर बसून राहिली आणि चुकून दुसरीच?

वाळूचीच असेल तर जाऊ दे नदीत, नदीचीच ती. पण आजी असली तर?

तेवढ्यात हँडलमधून काहीतरी आलं. फार बारीक. उजव्या मुठीकडून. ते वाकडं जुळलेलं मनगट दुखत होतं आणि थरथरत होतं. बाकी सगळं अंग तिनं वाळू करून टाकलं होतं, तेवढं एक मनगट तिचं ऐकत नव्हतं.

वाळू थरथरत नाही.

माझ्या चाकाला एक खटका असतो. तो सुटला की चाक मोकळं होतं आणि मी नुसता डबा उरतो. तोल न धरणारा तोल्या म्हणजे काय, तुम्हीच सांगा. ज्यासाठी जन्माला आलो तेच सोडायचं! पण मी खटका सोडला. आजोबा नंतर म्हणाले की खटका झिजलेला होता, सुटला असेल आपोआप. म्हणू देत. यंत्राचं कोण ऐकतं?

सायकल एकदम कलली. सगळा भार एका क्षणात जिवंत झाला.

"अगं आई गंऽऽ!"

काय तो आवाज! साठवून ठेवलेला सगळा आरडाओरडा एकदमच बाहेर पडला. दोन्ही ब्रेक करकचून लागले. तिनं अंग डावीकडे झोकलं, मी धरलं नाही, आणि म्हणूनच सायकल वळली. धक्क्याचा दगडी काठ घासत आम्ही वळलो आणि पुलाच्या तोंडाशी गवतात जाऊन लोळलो.

आजी रडली. मग तिनं गुडघा चोळला आणि माझ्यावर एक लाथ घातली.

"मेल्या तोल्या! जीव घेतोस काय माझा?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सायकल ढकलत, लंगडत ती बहिणीकडे गेली. मला अंगणात टेकवलं होतं. बहिणीनं तिचं तोंड चाचपलं असावं, बांगड्या वाजल्या. "इतके दिवस कुठे होतीस गं भवाने? सुया सगळ्या रिकाम्या पडल्यात."

"ताई," आजी म्हणाली, "मी जरा दुकानात बसले होते. स्टुलावर."

"मग उठायचं ना!"

"उठले. आत्ताच."

आम्ही घरी परतलो तेव्हा सून दारातच उभी होती. आजीला बघून तिनं तिला मिठीच मारली. मग हळूच म्हणाली, "आई, आत चला. ती पडली."

बाई स्टुलावरून खाली पडली होती. धप्पकन आवाज झाला म्हणे, आणि सून धावत आली तर मनगटाची शिवण उसवून वाळू वाहत होती. फळ्यांवरून वाहत ती थेट दारापर्यंत गेली होती, बाहेर निघाल्यासारखी. केव्हा पडली, म्हणून बाजारातून आलेल्या आजोबांनी विचारलं, तर सून म्हणाली, कपडे वाळत घालून होत आले तेव्हा. म्हणजे आम्ही उताराच्या तळाशी होतो तेव्हाच.

आजीनं कात्री मागितली. खाली बसून तिनं आपल्या हातानं बेतलेली एकेक शिवण उसवली. खांदा, पोक, मांड्या. शेवटी रुमाल सोडला. तिनं वाळूत हात घातला आणि पटकन काढून घेतला.

"कोमट आहे हो."

"ऊन लागलं असेल," आजोबा म्हणाले.

दुकानात ऊन येत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी घमेली भरली आणि सगळी वाळू उताराच्या वळणावर नेऊन पसरली, चाकं घसरू नयेत म्हणून.

मग आजी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता मला बसवा आणि त्याला शिकवा. मी हलणार, बोलणार, शिंकणार. चालेल?"

"चालेल," आजोबा म्हणाले. "पण कलू दिलं तर पडशील."

"थोडं पडू द्या. फार पडायला लागले की धरा."

हे सांगायला सोपं आहे, स्प्रिंगेला शिकवायला महाकठीण. आजी गल्लीतून सायकल चालवायची आणि आजोबा शेजारून धापा टाकत पळायचे. "सैल झाली का? घट्ट वाटते का?" "तुम्ही बसा हो जरा, तुमच्या छातीचा भाता ऐकून मला भीती वाटते!" सून दुसऱ्या बाजूनं पळायची. कितीदा पडले, कितीदा खरचटलं, मोजलं नाही कुणी. पण नळाच्या वळणावर एकदा आजी शेजारणीशी भांडत भांडत वळली आणि वळल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण वळलो. तिला किती कलू द्यायचं आणि कधी आवरायचं, ते माझ्या अंगी उतरलं होतं.

ते बघून म्हातारी माणसं आपल्यालाही तोल्या हवा म्हणून येऊ लागली. पावाच्या भट्टीवाली आली. निवृत्त पोस्टमन आला. एक बासरीवाले आले, त्यांचा एक पाय आखूड. दुकानात पुन्हा रांग लागली. एकदा एक गृहस्थ येऊन म्हणाले, "वडिलांचं वजन सांगतो, त्यावरून बनवून ठेवा. न्यायला येतो."

आजोबांनी हातातला पाना खाली ठेवला. "वडिलांना घेऊन या," ते म्हणाले. "त्यांना इथे बसून बडबडू दे. त्याशिवाय या दुकानातून काही बाहेर जाणार नाही."

माझं म्हणाल तर मी अजून आजीच्या सीटखालीच आहे. अंगावर ओरखडे, खटका नवा, कुरकुर जरा वाढलीय. दिवसाकाठी ताईकडे एक फेरी ठरलेली. लपवत नाही, कधी कधी भर दुपारी, सायकल भिंतीला टेकलेली असताना, घरातली सगळी माणसं मागच्या खोलीत बोलत असताना, माझ्यावर अलगद भार येतो. पोक तोच. पडका खांदा तोच. बोलत नाही, हलत नाही. मी त्याला धरत नाही. थोडा वेळ वाट बघून तो उतरून जातो.

म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळा, जरूर सांभाळा, पण इतकं घट्ट धरू नका की त्याचं हलणंच बंद होईल. त्याला थोडं कलू द्या.

दुकानात पुन्हा रांग लागली त्या वर्षी मुलगा आला तो नेहमीसारखा पिशवी घेऊन. दुकानात शिरायला त्याला जागा मिळेना, इतकी माणसं. आजोबा एका वेळी दोन सायकलींशी झटत होते.

"बाबा, तुम्हाला मदतीला माणूस हवं," तो म्हणाला.

"हवंय खरं," आजोबा मान वर न करता म्हणाले. "चांगलं मिळत नाही. तुझ्या बघण्यात आहे कुणी?"

सून दारात होती. नुसता श्वास धरून उभी राहिली, फळीनं मला सांगितलं. मुलानं पिशवी खाली ठेवली. जड होती, ठेवल्याचा आवाज आला. मग त्यानं बाह्या सरसावल्या, बासरीवाल्यांच्या सायकलपाशी बसला आणि हात पुढे केला.

"तो पाना द्या."

कारखान्याकडे तो परत गेला नाही. त्याचे कपडे आता मागच्या दोरीवर पुरते वाळतात, संध्याकाळी सून ते काढते आणि घड्या घालून कपाटात ठेवते.